बहात्तराव्या किलोमीटरपासून सुरू होणारा फाटा

रेल्वेच्या इंजिनिअरिंग खात्यात उभी नोकरी काढलेल्या माणसाला नकाशा पाहताना आधी नदी किंवा डोंगर दिसत नाही, किलोमीटर दिसतात. माझी सगळी वर्षे कर्जत ते लोणावळा या घाटात रुळांची देखभाल करण्यात गेली, आणि तिथला प्रत्येक खांब आपण मुंबईपासून किती अंतरावर उभे आहोत हे सांगत असे. त्यामुळे निवृत्तीनंतर रशियाचा रेल्वे नकाशा चाळत असताना बैकाल सरोवराच्या नैऋत्य टोकाजवळचा एक फाटा समोर आला, तेव्हा माझी नजर त्याच्या आकड्यांवर अडकली. फाट्याच्या शेवटच्या वस्तीचे नाव पोर्ट बैकाल, स्थानकाचे नाव नुसतेच बैकाल, आणि त्याचा किलोमीटर ७२. मुख्य मार्गाकडच्या टोकाला कुल्तुक, तिथला किलोमीटर १५६. म्हणजे फाटा ८४ किलोमीटरचा, पण मोजणी भलतीकडूनच. जिथे रूळ संपतात तिथे एक तर शून्य असायला हवे किंवा सगळ्यांत मोठा आकडा असायला हवा. हे ७२ कुठून मोजले होते, आणि त्याआधीचे ७२ किलोमीटर गेले कुठे?

या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात मिळण्यासारखे होते आणि यथावकाश मिळालेही, पण पुस्तकातले उत्तर रुळावर उभे राहून ताडून पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. माझी भाची तेव्हा रशियात वैद्यकीय शिक्षण घेत होती आणि तिची रशियन भाषा माझ्या हिंदीपेक्षा बरी होती. २०१७च्या जुलैमध्ये तिच्या सुट्टीत आम्ही दोघे इर्कुत्स्कला पोहोचलो. व्हिसा, विमाने आणि हॉटेल यांविषयी सांगण्यासारखे काही नाही. ती सगळीकडे सारखीच असतात.

इर्कुत्स्कहून पोर्ट बैकालला रुळावरून जायचे, तर आधी उपनगरी गाडीने, म्हणजे तिकडच्या ‘एलेक्त्रिच्का’ने, स्ल्युद्यांकाला उतरावे लागते. हे अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. हा मुख्य ट्रान्स-सायबेरियन मार्ग असून तो डोंगर चढून जातो आणि मग वळणे घेत घेत सरोवराकडे उतरतो. उतारावर एका वळणात झाडी अचानक विरळ झाली, खाली निळ्या रंगाचा एक अवाढव्य पट्टा दिसला आणि डब्यातले सगळे प्रवासी एका बाजूच्या खिडक्यांना लगडले. मी मात्र शेजारच्या रुळावरून वर चढणाऱ्या मालगाडीकडे पाहत होतो, कारण तिला मागून ढकलायला जादा इंजिन लावलेले होते. कर्जतला बँकर लावतात तसेच. घाट कुठलाही असो, वजन आणि चढ यांचा हिशेब तोच; आमच्या भोर घाटातला ३७ला १ हा चढ मात्र याहून पुष्कळ कडक आहे, हे सांगितल्यावाचून मला राहवले नाही आणि भाचीने ते सोसून घेतले.

स्ल्युद्यांका हे नाव ‘स्ल्युदा’ म्हणजे अभ्रक या शब्दावरून आलेले आहे, पण तिथले स्थानक अभ्रकाचे नसून संगमरवराचे आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी, रेल्वे आली त्याच सुमारास, जवळपासच्या खाणींतला दगड काढून ही इमारत बांधली. तिच्या भिंती ताजमहालासारख्या तुळतुळीत नाहीत, दगड फोडला तसाच खडबडीत ठेवलेला आहे, आणि त्यामुळे ती देवळापेक्षा किल्ल्यासारखी अधिक वाटते. इथे माझ्या हातून पहिली चूक घडली. फलाटावरच्या घड्याळात सकाळचे आठ वाजले होते आणि आमची गाडी दुपारची होती, म्हणून मी निवांत बाकावर बसून डबा उघडला. भाची तिकीट काढून धावतच आली. “मामा, ते घड्याळ मॉस्कोचं आहे! इथं एक वाजलाय.” त्या काळी रशियाच्या सगळ्या रेल्वे स्थानकांवर मॉस्कोची वेळ चाले, आणि इर्कुत्स्क मॉस्कोच्या पाच तास पुढे आहे. पुढच्याच वर्षी, म्हणजे २०१८च्या ऑगस्टपासून, वेळापत्रके स्थानिक वेळेनुसार झाली. आम्हाला तेवढा धीर नव्हता.

या गाडीला तिकडचे लोक ‘मातान्या’ म्हणतात. एक डिझेल इंजिन आणि मागे मोजके डबे एवढाच तिचा संसार, आणि वेग ताशी २० किलोमीटरच्या आसपास. आठवड्यातून ठरावीक दिवशीच ती धावते, आणि काठावरच्या वाड्यांना धड रस्ता नसल्यामुळे पीठ, साखर, गॅसची टाकी, कुत्रे, नातवंडे असे सगळे तिच्यातूनच जाते. आमच्या समोरच्या बाकावर बसलेल्या बाईंनी पावांची पिशवी मांडीवर घेतली होती आणि त्यांनी भाचीला पहिला प्रश्न विचारला तो असा: “कितव्या किलोमीटरला उतरणार?” त्या स्वतः एकशेदहाव्याला उतरणार होत्या. या काठावर गावांना नावे आहेत, मारितुय, शुमिखा, पोलोविन्नाया अशी गोड नावे आहेत, तरी बोलताना माणसे आकडाच सांगतात. मला आपल्या माणसांत आल्यासारखे वाटले.

कुल्तुक मागे पडले, मुख्य मार्ग डोंगराकडे वळला आणि आमची गाडी उजवीकडे सरोवर व डावीकडे कडा यांच्यामधल्या अरुंद पट्टीवर आली. त्या पट्टीचे वर्णन नीट करायला हवे, कारण या वस्तीचा सगळा इतिहास तिच्यातून निघतो. बैकाल हे जमिनीला पडलेल्या एका प्रचंड भेगेत साठलेले पाणी आहे. त्याची लांबी ६३६ किलोमीटर आणि जास्तीत जास्त खोली १६४२ मीटर आहे. भेगेचा काठ जसा असायला हवा तसाच हा काठ आहे, म्हणजे कडा सरळ पाण्यात उतरतो आणि मध्ये सपाट जागा अशी नाहीच. रूळ टाकायचे तर एक तर कडा फोडायचा, नाही तर पाण्यात भिंत रचून त्यावर भराव घालायचा. त्यांनी दोन्ही केले. या ८४ किलोमीटरांत तीन डझनांहून अधिक बोगदे आहेत, दोनशेहून अधिक पूल आणि मोऱ्या आहेत, तितक्याच आधारभिंती आहेत, आणि शिवाय दरडी अंगावर येऊ नयेत म्हणून रुळांवर बांधलेल्या दगडी गॅलऱ्या आहेत. सगळ्यांत लांब बोगदा पोलोविन्नी भूशिराच्या पोटातून जातो. तो ७७८ मीटरांच्या आसपास भरतो.

गाडी एका ठिकाणी जरा जास्त वेळ थांबली तेव्हा मी खाली उतरून एका आधारभिंतीला हात लावून आलो. घडीव दगड, सांधा इतका बारीक की नख जेमतेम शिरेल, आणि पाणी झिरपायला ठेवलेली छिद्रे शंभरहून अधिक वर्षांनंतरही मोकळी होती. या कामावर इटलीहून आलेले पाथरवट होते, आणि अशा एका भिंतीला आजही ‘इटालियन भिंत’ म्हणतात. घाटात दर पावसाळ्यात तुंबलेली छिद्रे साफ करून घेताना मी ज्या शिव्या दिल्या आहेत त्या आठवल्या आणि त्या अनामिक पाथरवटांविषयी मनात फार आदर दाटून आला.

आता ७२चे कोडे. सायबेरियातून पूर्वेकडे येणारा रेल्वेमार्ग इर्कुत्स्कला पोहोचला, तेव्हा पुढे बैकाल आडवे पडले होते. ३००हून अधिक नद्या या सरोवराला मिळतात, पण त्यातून बाहेर पडणारी नदी एकच, अंगारा, आणि ती सरोवरातून निघते तिथून इर्कुत्स्क ७०-७२ किलोमीटरवर आहे. नदीचे खोरे म्हणजे आयता रस्ता. म्हणून अंगाराच्या डाव्या काठाने रूळ टाकत १८९८च्या सुमारास मार्ग थेट तिच्या उगमापर्यंत आणला, आणि तिथे धक्का व स्थानक उभे राहिले. पोर्ट बैकाल जन्मले ते असे, इर्कुत्स्कपासून बहात्तराव्या किलोमीटरवर, आणि त्या दिवशी ते रुळाचे टोक होते. टोक म्हणून जन्मलेली ही वस्ती पुढे मधले स्थानक झाली आणि मग पुन्हा टोक झाली, फक्त उलट्या बाजूचे.

सरोवरापलीकडे मिसोवाया इथून पुढचा मार्ग सुरू होत होता. मधले पाणी ओलांडायला डबे जहाजावर चढवायचे, असे ठरले. त्यासाठी ‘बैकाल’ नावाचे बर्फफोडे जहाज इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या आर्मस्ट्राँग कारखान्यात तयार करवले, पुन्हा सुटे केले, हजारो पेट्यांत भरून सायबेरियात आणले आणि पोर्ट बैकालच्या समोरच्या काठावर, लिस्त्व्यांका इथे, जोडले. १८९९मध्ये ते पाण्यात उतरले आणि १९००मध्ये कामाला लागले. त्याच्या पोटात दोन डझन डबे रुळांवरच उभे राहत. त्याचे धाकटे भावंड ‘अंगारा’ प्रवासी नेत असे. ते आज इर्कुत्स्कला संग्रहालय होऊन उभे आहे. थोरले यादवी युद्धात १९१८च्या ऑगस्टमध्ये मिसोवायाला जळाले.

धक्क्यासाठी हीच जागा का, हे मला तिथे उभे राहिल्यावर कळले. बैकाल जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत गोठलेले असते, पण अंगाराचे मुख भर हिवाळ्यातही गोठत नाही, कारण नदी सरोवराच्या खोल थरातले, त्यामानाने उबदार पाणी ओढून घेत असते. हवेत उणे ३० असले तरी तिथे पाणी वाहते आणि बदके पोहत असतात. बर्फफोड्या जहाजाला निदान घराचे दार तरी मोकळे हवे. ते इथे मिळाले.

सरोवराच्या मध्यावर मात्र कुठलेच दार नव्हते. फेब्रुवारी १९०४मध्ये जपानशी युद्ध पेटले आणि नेमका तोच काळ बर्फ सर्वांत जाड असण्याचा. जहाज अडकले, फौज आणि तोफा पोर्ट बैकालला तुंबल्या. तेव्हाचे रेल्वेमंत्री प्रिन्स खिल्कोव्ह स्वतः येऊन ठाण मांडून बसले आणि त्यांनी सरोवराच्या बर्फावर रूळ टाकवले, पलीकडच्या तान्खोयपर्यंत, ४० किलोमीटरांहून जास्त. वजन पसरावे म्हणून स्लीपर लांब घेतले. तरी चाचणीत एक इंजिन बर्फ फोडून बुडाले. मग इंजिनांचे सुटे केलेले भाग आणि डबे घोड्यांकरवी ओढत नेले. ६०हून अधिक इंजिने आणि दोन हजारांहून अधिक डबे असे पार झाले. सैनिक पायी चालत गेले, आणि त्यांच्यासाठी सरोवराच्या मध्यावर शेकोटीचे व जेवणाचे एक ठाणे उभारले होते, त्याचे नाव ‘सेरेदिना’, म्हणजे मध्य. वितळणाऱ्या जमिनीवर स्थानक बांधणारा दुसरा रेल्वेमंत्री माझ्या ऐकिवात नाही.

काठाने रूळ नेण्याचे काम तोवर चालूच होते. सर्वेक्षणात इर्कुत्स्कहून सरळ डोंगर ओलांडून कुल्तुकला उतरण्याचे पर्यायही तपासले गेले होते, पण धक्क्यापर्यंतचे रूळ आधीच पडलेले असल्यामुळे पुढे काठाकाठाने जाणेच पसंत पडले. दर किलोमीटरला वॅगनभर सुरुंगाची दारू लागली, असे म्हणतात. बोगद्यांची तोंडे पाहिल्यावर मला त्यात अतिशयोक्ती वाटली नाही. १९०४च्या सप्टेंबरअखेर पहिली गाडी आरपार गेली, १९०५मध्ये नियमित वाहतूक सुरू झाली आणि पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर दुसरा रूळही पडला. रशियाच्या पोलादी कमरपट्ट्याची सोन्याची बक्कल, असे या तुकड्याला म्हटले जाऊ लागले. मॉस्को ते व्लादिवोस्तोक जाणारी प्रत्येक गाडी तेव्हा पोर्ट बैकालवरून जात असे.

हे सगळे मी भाचीला बोगद्यांच्या मधल्या उजेडात तुकड्यातुकड्याने सांगत होतो आणि बाहेर खांब उतरत्या क्रमाने सरकत होते. रशियन किलोमीटर-खांबाच्या दोन बाजूंना दोन वेगळे आकडे असतात, एकाने कमी-जास्त, आणि मध्ये दर शंभर मीटरला छोटे ‘पिकेट’ खांब असतात. रूळ आपल्या ब्रॉडगेजपेक्षा अरुंद, १५२० मिलिमीटर, आपला १६७६. एके काळी इथे दोन रूळ होते त्याची साक्ष रुंद भराव आणि शेजारचे मोकळे बोगदे देत होते. समोरच्या बाई एकशेदहाव्याला उतरल्या. फलाट नव्हताच; त्या सरावाने पायरीवरून खडीवर उतरल्या, पिशवी डोक्यावर घेऊन सरोवराच्या बाजूच्या पायवाटेने दिसेनाशा झाल्या.

संध्याकाळी आम्ही पोर्ट बैकालला उतरलो. एखाद्या जंक्शनला साजेल असे ऐसपैस यार्ड आणि त्यात गाडी एकच. स्थानकाची इमारत अलीकडे जुन्या धर्तीवर नव्याने केलेली लाकडी आहे. वस्ती एका ठिकाणी अशी नाहीच, कारण सपाट जागा नाही. डोंगरातल्या अरुंद घळींना तिकडे ‘पाद’ म्हणतात, आणि त्या घळींतून लाकडी घरे वर चढत गेली आहेत. सगळी मिळून लोकसंख्या चारशेच्या आसपास. धक्क्याला जुनी जहाजे गंजत उभी आहेत. बाकीचे सगळे प्रवासी उतरल्याबरोबर फेरीबोटीकडे धावले. मी उलट दिशेला, रुळांच्या शेवटाकडे निघालो. स्थानकापलीकडे रूळ नदीच्या काठाने थोडेसे पुढे जातात, त्यांत गवत वाढत जाते आणि मग ते संपतात. त्यापुढे पाणी. मी तिथे बराच वेळ उभा राहिलो, दोन रूळ जोडणाऱ्या एका पट्टीवरचा, म्हणजे फिशप्लेटवरचा, गंज नखाने खरवडून पाहिला, वहीत टिपण केले, आणि परत आलो तोवर लिस्त्व्यांकाची शेवटची फेरीबोट नदीच्या मध्यावर पोहोचली होती. भाची काही बोलली नाही. ती काही बोलत नाही, तेव्हा ती फार बोललेली असते.

रात्रीचा आसरा एका आजींच्या घरी मिळाला. त्यांनी धुरावलेला ओमुल मासा, उकडलेले बटाटे आणि चहा पुढे ठेवला. ओमुल बैकालचा, त्याची साल हातानेच सोलायची आणि बोटांना दोन दिवस वास राहतो. मी कशासाठी आलो हे भाचीने सांगितल्यावर आजी हसल्या. पाहुणे बोगदे पाहायला येतात, म्हणाल्या, पण त्या रुळाची चौकशी कुणी करत नाही. त्यांच्या लहानपणी इर्कुत्स्कची गाडी नदीकाठाने येई आणि तिचा आवाज घरात आधी चहाच्या पेल्यांना कळे.

ती गाडी धरणामुळे बंद झाली. इर्कुत्स्कला अंगारावर जलविद्युत केंद्र बांधायचे ठरले आणि नदीकाठचा रेल्वेमार्ग बुडणार हे उघड झाले. तेव्हा अर्ध्या शतकापूर्वी मागे पडलेला तो डोंगरावरचा पर्याय पुन्हा निघाला. १९४९पर्यंत इर्कुत्स्क ते स्ल्युद्यांका हा नवा मार्ग तयार झाला, ज्यावरून आम्ही सकाळी आलो होतो. १९५६मध्ये धरण भरू लागले, अंगाराच्या काठचे रूळ पाण्याखाली गेले आणि खुद्द बैकालची पातळीही जवळपास मीटरभर चढली. ज्या वस्तीवरून सगळा खंड ये-जा करत होता, तिच्या पुढे एकाएकी काहीच उरले नाही. कामगारांची कुटुंबे गेली, दुसरा रूळ पुढे काढून टाकला. खांबांवरचे आकडे मात्र कुणी बदलले नाहीत. ते बदलायचे तर प्रत्येक पूल, बोगदा आणि मोरीच्या नोंदवहीतले आकडे बदलावे लागतात. कुठलाही शहाणा रेल्वेवाला ते काम अंगावर घेणार नाही. उजनीच्या पाण्यातून उन्हाळ्यात पळसदेवचे देऊळ वर येते तसे इथे काही वर येत नाही. आकडा तेवढा वर राहिला आहे.

सकाळी पहिल्या फेरीबोटीने निघालो. नदीचे मुख किलोमीटरभर रुंद, आणि मध्ये शामान खडकाचा माथा पाण्याच्या जेमतेम वर. अंगारा ही बैकालची लेक, ती येनिसे नदाकडे पळून निघाली तेव्हा बापाने तिच्यामागे हा खडक फेकला, अशी बुर्यात लोकांची कथा आहे; धरण होण्याआधी खडक पुष्कळ उंच दिसे.

लिस्त्व्यांकाहून इर्कुत्स्कला व्हॅनने तासाभरात जाता येते, तरी मी पाण्यावरून उडत जाणाऱ्या हायड्रोफॉइलचा हट्ट धरला आणि डावीकडची खिडकी मिळवली. डावा काठ झाडीचा, मुका, एकसारखा. मी घड्याळ आणि वेग यांवरून हिशेब करत वहीत ६०, ५०, ४० असे आकडे टाकत गेलो.

“मामा, काय शोधताय?” भाचीने डोळे न उघडता विचारले.

“एकतिसावा किलोमीटर.”

“दिसला?”

“खालून गेला.”

धक्क्याला उतरलो तेव्हा वहीत १२ होते. उरलेले बारा धरणाच्या अल्याडपल्याड शहरात कुठेतरी आहेत. ते शोधण्यासाठी मी भाचीची आणखी एक दुपार मागितली, आणि तिने आधी जेवण, अशी अट घातली.